वाघेपाड्यात कुणी आजारी नाही

आंतरशालेय वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून मी जरा जास्तच बोलते, असं घरात सगळ्यांचं मत आहे. आई म्हणते, ढाल शाळेच्या कपाटात गेली आणि वारं हिच्या अंगात राहिलं. म्हणू दे. आठवीपर्यंत मी वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरायचे, आता नववीत मी मुख्याध्यापिका बाईंना सांगून मुलींच्या सायकलींसाठी वेगळं शेड मागून घेतलं. बोललं की होतं, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

आणि नेमकं जिथं बोलायला हवं होतं, तिथं मला दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलावी लागली. तीही इंग्रजीत.

माझी सिंधूआत्या डॉक्टर आहे. पप्पांची धाकटी बहीण. पण ती गोळ्या देणारी, इंजेक्शन टोचणारी डॉक्टर नाही, ती रक्त तपासते. एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिला एक खोली दिलेली आहे. खिडकीला जाळी, एक टेबल, स्वतःच्या पैशानं घेतलेली सूक्ष्मदर्शक दुर्बीण आणि एक कळकट फ्रीज. लग्न केलं नाही. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर एक आजार आहे, त्याच्या मागे ती मी जन्मायच्या आधीपासून लागली आहे. तुमच्या-माझ्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मध्ये दबलेल्या चकतीसारख्या असतात. त्या आजारात त्या वाकतात आणि विळ्यासारख्या होतात. मग बारीक नसांत अडकतात, आणि माणसाचे सांधे असे दुखायला लागतात की मोठी माणसंसुद्धा रडतात. डोळे पिवळे होतात, पोट फुगतं. पुष्कळ मुलं शाळेचं वय व्हायच्या आत जातात. आईबापांना वाटतं, काहीतरी बाहेरचं लागलं.

हे तपासायचं कसं, ते मला येतं. बोटाला टोचून एक थेंब काचेवर घ्यायचा, त्यात औषधाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि कडेनं नेलपॉलिश लावून हवा बंद करायची. हो, नेलपॉलिशच! मेन रोडवरच्या दुकानदाराला वाटतं, डॉक्टरीणबाई लाल नखांच्या फार शौकीन. प्रत्यक्षात आत्याची नखं मुळापर्यंत कापलेली असतात. हवा बंद झाली की थोडा वेळ थांबायचं. मग दुर्बिणीतून बघितलं की कळतं, पेशी गोलच राहिल्या की विळे झाले.

तर निधीची गोष्ट. दिल्लीहून अशा संशोधनाला पैसे मिळतात, आणि आत्या ते मागून मागून थकली होती. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, अनुभव कमी आहे. अनुभव झाला तेव्हा म्हणाले, हा निधी तरुणांसाठी, तुमचं वय बसत नाही. मध्ये एकानं तर कळवलं की हा आजार आपल्या भागात आढळत नाही! आत्यानं त्या साहेबाला विळ्यांचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर अजून यायचंय.

यंदा मात्र नवीन निधी निघाला. रक्ताच्या आजारांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या, प्रस्थापित संशोधकांसाठी. पाच वर्षं सलग पैसे, दरसाल हात पसरायला नको. आत्याचा अर्ज पहिल्या गाळणीतून पार पडला, हे सांगायला ती संध्याकाळी इंदिरानगरला आमच्या घरी आली तेव्हा पप्पा चहा पीत होते.

"प्रस्थापित?" पप्पा म्हणाले. "अरे वा! आपल्या घरात अखेर एक प्रस्थापित निघाला म्हणायचा. मग आता मोर्चे तुझ्यावरच काढायचे का, सिंधू?"

"काढ. पण घोषणा जरा बऱ्या लिही, मागच्या मोर्च्यातल्या फार रटाळ होत्या," आत्या म्हणाली. खूप दिवसांनी ती अशी हसत होती. मग एकदम गंभीर झाली. "दादा, हे नाही मिळालं तर संपलं. मार्चनंतर ती खोली स्टोअरला देणार आहेत. साहेबांनी तोंडावर सांगितलंय, एका बाईच्या छंदासाठी सरकारी खोली अडवता येत नाही."

तिला काय करायचं होतं तेही सांगते. वाघेपाड्यात आणि आसपासच्या पाड्यांत मूल जन्मलं की लगेच त्याचं रक्त तपासायचं, आणि पाच वर्षं त्याच्यावर नजर ठेवायची. कधी ताप येतो, कधी दुखणं उठतं, कशानं वाचतं, कशानं जातं. एवढं कळलं तर पुष्कळ मुलं वाचवता येतील, असं ती म्हणते. त्यासाठी एक मशीन हवं होतं, आणि पाड्यावर कायम राहणारी दोन माणसं. आता ती रक्ताच्या नळ्या थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीनं मुंबईला पाठवते, आणि कसारा घाटात गाडी बंद पडली की सगळं फुकट.

निधी द्यायच्या आधी दोन साहेब काम बघायला येणार होते, एक दिल्लीचे, एक मद्रासचे. दोघांनाही मराठी येत नव्हतं. अट अशी की, ते लोकांना प्रश्न विचारतील तेव्हा अर्जदारानं मध्ये बोलायचं नाही. म्हणजे आत्यानं तोंड बंद ठेवायचं.

"मग दुभाषा कोण?" पप्पांनी विचारलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ही? नववीतली पोरगी?"

"पाड्यावरची बोली तिला येते. इंग्रजी बरं आहे. आणि आता ती कुणाच्या बापाला घाबरत नाही."

"ते तर आम्ही रोज बघतोच," आई आतून म्हणाली.

बोली मला चांगुणामुळं येते. चांगुणा वाघेपाड्याची, माझ्यापेक्षा थोडी लहान. सखुबाईची नात. आत्या रविवारी मला बरोबर न्यायची, तेव्हा लहानपणापासून मी चांगुणाबरोबर खेकडे पकडत हिंडले आहे. तिच्या रक्तात विळे आहेत. बरी असते तेव्हा ती माझ्यापेक्षा जोरात पळते, आणि दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन पडते. मला ती 'इशी' म्हणते. विशाखा म्हणायला जीभ वळत नाही असं सांगते, पण मला माहीत आहे, मला चिडवायला म्हणते. त्यांची बोली जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून मी इथं जरा आपल्या बाजूला वळवून लिहिते.

साहेब यायच्या आधीच्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. आत्यानं सगळ्यांना पोलीस पाटील पुंजारामच्या अंगणात बसवून सांगितलं, "दोन मोठे साहेब येणार आहेत. लांबून येणार आहेत. ते तुम्हाला विचारतील, मी इथं काय काम करते. त्यांना आवडलं तर मला पुढं काम करता येईल. नाही आवडलं तर मला इथं येता यायचं नाही."



"म्हंजे तुमची बदली?" पुंजारामनं विचारलं.

"तसंच समजा."

सखुबाई उठून उभी राहिली. तिचं पाड्यावर सगळे ऐकतात. "बाई, तुमी कायबी काळजी करू नका. आमी बघतो."

"जसं आहे तसं सांगा, एवढंच."

"आमी बघतो म्हनलं ना!"

आत्या परत येताना एसटीत गाणं गुणगुणत होती. डिसेंबर तिनं मुद्दाम निवडला होता. थंडीत दुखणं जास्त उठतं. साहेबांना प्रत्येक घरात एक तरी दुखणेकरी मूल दिसलंच असतं.

साहेब आले त्या दिवशी जीप सावळ घाटातून वर गेली तेव्हा मी मागं बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. दिल्लीचे साहेब उंच, मफलर गुंडाळलेले, दर वळणावर पुढचा दांडा घट्ट धरायचे. मद्रासचे साहेब गोल आणि प्रेमळ, मला म्हणाले, मोठेपणी काय होणार? मी म्हटलं, अजून ठरवलं नाही, पण जे होईन ते मोठ्यानं होईन. ते इतके हसले की मला वाटलं, झालं, निधी मिळालाच.

वाघेपाडा त्या दिवशी ओळखू येत नव्हता. अंगणं सारवलेली, झेंडूच्या माळा, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. साहेबांच्या पायांवर पाणी घातलं, गुळाचा चहा दिला. मी चांगुणाला शोधत होते. दिसली नाही.

पुंजारामच्या अंगणात बाज टाकली होती. दिल्लीचे साहेब बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मी तो सखुबाईला सांगितला, "साहेब विचारतायत, तुमच्या घरात कुणाला हाडं दुखायचा आजार आहे का?"

सखुबाईनं पदर नीट केला. "नाय."

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला.

"नाय म्हनलं ना. होता आदी. पन बाईंनी असं औषध दिलं, असं औषध दिलं, की सगळा आजार पळाला. आता वाघेपाड्यात कुनी आजारी नाय. लिव म्हनावं."

मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं तोंड उघडलं, तशी दिल्लीच्या साहेबांनी हात वर केला. मग ते माझ्याकडे वळले. "येस?"

काय करायचं होतं मी? खोटं सांगायचं? आत्यानं मान अगदी थोडी हलवली. म्हणजे, जे म्हणाली ते सांग. मी सांगितलं. आजार होता, आता नाही, डॉक्टरांनी बरा केला. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि लिहून घेतलं.

मग रांगच लागली. पुंजाराम म्हणाला, बाई देवमाणूस. त्याची बायको म्हणाली, आधी पोरं रडायची, आता नुसती जेवतात. एक म्हातारा तर उठून नाचूनच दाखवायला लागला, माझे गुडघे बघा! त्याचे गुडघे कधी दुखलेच नव्हते. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक आत्याची पाच वर्षं माझ्याच तोंडानं पुसत होते. ओरडावंसं वाटत होतं, अहो, या आजाराला अजून औषधच नाही! म्हणून तर पैसे मागतोय!

मी आपल्या मनाचं एक वाक्य घातलंसुद्धा. म्हटलं, सर, हे लोक तसे...

"जस्ट ट्रान्सलेट, प्लीज," दिल्लीचे साहेब म्हणाले. मद्रासच्या साहेबांनीही नजर खाली घातली. ढाल मिळवलेल्या मुलीला गप्प करायला तीन शब्द पुरले.

रक्त तपासायची वेळ आली तेव्हा माझी आशा परत जागी झाली. काच काही खोटं बोलत नाही. पण बोट पुढं करायला कोण आलं? आत्यानं इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, "तुझं रक्त साफ आहे," नेमके तेच! पाड्यानं एकही चूक केली नव्हती. मी काचांच्या कडेनं नेलपॉलिश लावलं, आम्ही थांबलो, आणि साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. सगळ्या पेशी गोल. भाकरीसारख्या गोल.

"हे सगळे आधीच तपासलेले, निरोगी लोक आहेत," आत्या शेवटी म्हणाली.

"अर्थातच," दिल्लीचे साहेब गोड हसून म्हणाले. "अभिनंदन, डॉक्टर."

मी उठले आणि सखुबाईचा हात धरून तिला कुडाआड नेलं. "चांगुणा कुठंय?"

"मामाकडं गेलीय."

"आजी, खरं सांग. सगळी दुखणेकरी पोरं कुठंयत?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. "वर खळ्यावर ठेवलीत. शेकोटी हाय, पांघरुनं हायत. तू काळजी करू नको, एकबी आवाज करनार नाय."

"पण का?"

"अगं येडे, मागं साहेब आला हुता ना, तापाचा! त्यानं पोरं फनफनलेली बघितली आन् आपल्या नर्सबाईला भर पाड्यात किती बोलला! म्हनं, तू असताना इतकी आजारी कशी? महिन्यात तिची बदली. चांगली बाई हुती. आता बाईंना आमी जाऊ द्यायच्या नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि खळ्याकडे पळत सुटले.

खळ्यावर नागलीच्या काडाच्या गंजीआड शेकोटीभोवती मुलं बसली होती. काही निजली होती. चांगुणा कडेला, गरम दगड फडक्यात बांधून गुडघ्याला लावून पडली होती. दात लुगड्याच्या तुकड्यात रुतवलेले. मला बघून तिनं तुकडा काढला.

"गेले का गं ते?" ती कुजबुजली. "मी एकदाबी वरडले नाय, इशी. सांग आत्याला."

 मी तशीच खाली धावले आणि साहेब जीपकडे निघाले होते त्यांच्यापुढं आडवी उभी राहिले. म्हटलं, सर, तुम्हाला वर यावं लागेल. आत्ता. हे भाषांतर नाही, हे मी बोलतेय.

मद्रासचे साहेब आधी निघाले, म्हणून दुसऱ्यांना यावं लागलं. आम्ही खळ्यावर पोचलो. आत्या चांगुणाजवळ बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग चांगुणा ओरडली. दिवसभराचं साठलेलं एकदम.

मला वाटलं, आता झालं. आता त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दिल्लीच्या साहेबांनी मफलर सैल केला. ते जे म्हणाले ते मला भाषांतर न करताही अजून पाठ आहे. म्हणाले, "डॉक्टर, हे लोक आमच्यासमोर इतकं सराईत खोटं बोलू शकतात. मग तुम्हाला इतकी वर्षं काय काय सांगत आले असतील? तुमच्या माहितीवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

आत्या उठली नाही. चांगुणाचा गुडघा धरूनच म्हणाली, "ते साहेबांपासून लपवतात, सर. माझ्यापासून कशाला लपवतील? मी यांना ओरडलेली नाही कधी."

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. मी बघत होते. त्यांची वही त्यांच्या खिशातच राहिली. मद्रासच्या साहेबांनी जाताना आपली शाल काढून एका मुलाला पांघरली. चांगला माणूस. पण सही करणारा तो नव्हता.

घाट उतरून आम्ही शहरात आलो. द्वारका चौकातल्या सिग्नलपाशी साहेबांना आग्र्याच्या रस्त्यानं जायचं होतं, आम्ही तिथंच उतरलो. ट्रक धुरळा उडवत चालले होते. मी तिथं रस्त्यावर उभी राहून आत्यावर ओरडले. "तू त्यांना का नाही सांगितलंस की बदली वगैरे काही नसतं? तू 'तसंच समजा' का म्हणालीस? आणि त्यांनी ऐकलं का नाही? सगळेच का असे..."

"घरी चल, विशाखा. आई वाट बघत असेल."

"मला नाही जायचं घरी!"

"बरं. मग वडा खाऊ या."

खाल्ला. 

दिल्लीचं उत्तर आलं. वर्षानुवर्षांच्या कामाबद्दल आदर, पण स्थानिक माहितीच्या विश्वासार्हतेबद्दल शंका, म्हणून या वेळी शक्य नाही. पप्पांनी वाचलं आणि ते मोर्च्याचा विनोद करायला गेले, पण अर्ध्यावरच थांबले. खोली स्टोअरला गेली. दुर्बीण आता आमच्या गॅलरीत आहे, आईच्या तुळशीशेजारी, आणि फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं रक्ताच्या नळ्या असतात. पाहुणे आले की आई आधी फ्रीजपुढं उभी राहते.

पुढच्या एका रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. आता एसटीचं तिकीटही आत्या स्वतःच्या खिशातून काढते. सखुबाई बांधापर्यंत सामोरी आली. चांगुणा तिच्यामागं, बरी होती, मला बघून जीभ काढली.

"बाई, आला का निकाल?" सखुबाईनं विचारलं.

"आला."

"मग बदली?"

"नाही झाली," आत्या म्हणाली. "इथंच आहे मी."

"बघा! म्हनलं हुतं ना, आमी बघतो!" सखुबाईनं टाळी वाजवली आणि वळून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "बाई कुटं जात नाय रे!" पुंजारामच्या अंगणातून कुणीतरी ओरडून हसलं. म्हातारा परत गुडघे दाखवायला निघाला.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं, आणि त्यांच्या बोलीत, इंग्रजीत, कशातही सांगता आलं असतं.

आत्यानं तोवर पुंजारामच्या ओट्यावर सामान मांडलं होतं. एका नव्या बाळाच्या टाचेला टोचून थेंब घेतला, वर काच ठेवली आणि माझ्यापुढं सरकवली.

"कडा बंद कर, विशाखा. आत हवा जातेय."

मी तोंड मिटलं आणि नेलपॉलिश लावलं. इतकं जाड की ते काचेवरून ओघळून माझ्या फ्रॉकवर पडलं, आणि अजून निघालेलं नाही.